न दिसणारी छपाई

आमच्या घरमालकांनी जागा देताना तुमच्या आजोबांना एकच अट घातली होती. सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात वरच्या मजल्यावर फोडणी द्यायची नाही.

पाणी, जिन्यातला दिवा, येणारे-जाणारे पाहुणे, यांतल्या कशाबद्दलही त्यांना काही म्हणायचं नव्हतं. आजोबांना वाटलं, मुसलमान माणूस आहे, आपल्या स्वयंपाकाबद्दल काही सांगायचंय पण संकोचतोय. म्हणून त्यांनी आपणहून सांगितलं, "आम्ही शाकाहारीच आहोत."

"तुमी हत्ती शिजवा साहेब," घरमालक म्हणाले, "पण वाफेवर शिजवा. तेल तापवू नका."

कारण असं होतं की खाली त्यांचा छापखाना होता. छापखाना म्हणजे मोठी यंत्रं नव्हेत. एक लांब टेबल, लाकडी चौकटीत ताणून बसवलेली बारीक जाळी, जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी, आणि ओल्या पत्रिका वाळायला ठेवायच्या फळ्या. जुन्नरच्या जुन्या बाजाराच्या गल्लीत त्यांची लग्नपत्रिकांची छपाई चाले. आमची जमीन म्हणजे त्यांचं छत, आणि ते छत लाकडी. फटींतून तेलाचा धूर खाली उतरे आणि ओल्या शाईवर बसे. मग त्या शाईला बारीक गोल भोकं पडत. ते त्यांना डोळे म्हणत. "वर मोहरी तडतडली की खाली माझ्या शाईला डोळे फुटतात म्याडम, आन् ते डोळे माझ्याकडंच बघतात."

मला नियम आवडतात, हे तुम्हाला माहीतच आहे. मी तेव्हा जुन्नरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. मी स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक लावलं आणि साडेनऊच्या आत आमटीला फोडणी पडू लागली. अकरा वर्षं आम्ही त्या जागेत राहिलो. एवढ्या काळात मी अट दोनदा मोडली. दोन्ही वेळा पाचव्या मिनिटाला जिन्यात पावलं वाजली.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. पत्रिकेच्या तळाशी कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव टाकायची सगळ्यांची पद्धत असते. यांनी ते कधी टाकलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "लग्न त्यांचं. मी कशाला मधी घुसू?" आता ते नाहीत, म्हणून त्यांच्या परवानगीशिवाय मी त्यांना कोपऱ्यात बसवणं बरं नाही.

उंच, सडपातळ, पांढरा पायजमा, आणि गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग. खिशात दोन रुमाल असत, एक नाकाचा, एक भिंगाचा. कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी ती उजेडासमोर धरत. चहाचा ग्लास, कांद्याचं साल, दुधाची रिकामी पिशवी. मी वर घेऊन चाललेले परीक्षेचे पेपरसुद्धा एकदा त्यांनी जिन्यात असेच धरून पाहिले आणि परत देताना म्हणाले, "कागद हलका आहे. पोरगं चांगलं असंल." कागदाचं वेड त्यांच्या घरातच होतं. त्यांचे पूर्वज जुन्नरला हातकागद बनवायचे. त्यांना स्वतःला मात्र हौदातला लगदा पाहायला मिळाला नव्हता, त्यामुळे त्यांनी ते सगळं वेड छपाईवर काढलं.

रबरी पट्टी जाळीवरून ओढताना ते श्वास रोखत. दुकानात जो कोणी उभा असेल त्यालाही रोखावा लागे. "दम धरा," असं म्हणून ते पट्टी उचलत, आणि मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला द्यायला आलेले आईबाप, मामा, काका सगळे गाल फुगवून उभे राहत. एकदा एका बड्या बागायतदाराला नेमका त्या क्षणी खोकला आला. यांनी ती पत्रिका फाडली, त्याला पाण्याचा ग्लास दिला आणि अदबीनं सांगितलं, "आता पोटभर खोकून घ्या पावणं. मग दोन मिनिटं खोकू नका."

"अक्षर दिसलं पायजे, शाई न्हाई दिसली पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. याचा अर्थ मला समजायला बरीच वर्षं लागली. समजला तो असा, की वाचणाऱ्याच्या मनात फक्त मुलीचं नाव यावं. हे कोणी छापलं, कसं छापलं, हे मनात आलं की छपाई फसली.

डिंभ्याची गोष्ट सांगते. धरणाजवळच्या एका घरच्या पत्रिका छापून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या एका पत्रिकेवर यांनी भिंग ठेवलं, तर 'चि.' पुढच्या टिंबाला केसाएवढं शेपूट निघालेलं. भिंगाशिवाय ते मला दिसलं नाही. भिंगातूनही दिसलं ते त्यांनी बोट ठेवल्यावर. पण त्यांनी दुकान बंद केलं, दिवसभर सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या आणि तिसऱ्या दिवशी एसटीनं डिंभे गाठलं. तोवर अर्ध्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. हे घरोघर फिरले. कोणी मासे धरायचं जाळं विणत बसलेलं, कोणी शेतात. सगळीकडे एकच बोलणं, "जुनी द्या, नवी घ्या."

एक म्हातारा ऐकेना. म्हणाला, "आरं पर मी लग्नाला जाणारच न्हाई. कशाला बदलतो?"

"तुमी नका जाऊ," हे म्हणाले, "पत्रिका तरी चांगली ठिवा घरात."

परतीची गाडी आलीच नाही. रात्र तिथेच काढून दुसऱ्या दिवशी घरी आले. मला तो निव्वळ हट्ट वाटला. तुमच्या आजोबांचं मत पडलं की तालुक्यात एवढा एकच शहाणा माणूस आहे. आम्हा दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, हे मला राजुरीत कळलं. तिकडेच आता येते.

आम्ही आमचं स्वतःचं घर बांधलं ते दोन गल्ल्या सोडून. मी निवृत्त झाले. लग्नपत्रिका फोनवर येऊ लागल्या. चौकाचौकात फ्लेक्स लागले, त्यांच्याकडे आमचे जुने घरमालक मान वर करून बघतही नसत. "त्याच्यात नुसती शाईच दिसती," म्हणायचे. दुकान आठवड्यातून दोन दिवस उघडं असायचं. त्यांच्या मुलानं त्या जागेत मोबाइलची कव्हरं विकणारा एक गाळेकरी बघून ठेवला होता. मुलाचं चुकत नव्हतं. यांचं म्हणणं एवढंच, की टेबल आहे तोवर मी आहे.

त्या दिवसांत माझी एक जुनी विद्यार्थिनी माझ्याकडे आली. राजुरीच्या शेतकऱ्याची मुलगी, आता पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करणारी. तिला द्राक्षाच्या पानावर बसवायला एक पट्टी हवी होती.

हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या हातातल्या फोनमध्येही हेच आहे. फोनच्या काचेवर बोट ठेवलं की त्याला कळतं, कारण काचेवर एक अतिशय पातळ थर असतो. तो पारदर्शक असतो, तरी त्यातून वीज वाहते. सहसा या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. तांब्यातून वीज वाहते पण पलीकडचं दिसत नाही, काचेतून दिसतं पण वीज वाहत नाही. फोनवरचा तो थर दोन्ही करतो, पण स्वभावानं बिस्किटासारखा असतो. वाकवला की तडकतो. आणि द्राक्षाचं पान दिवसभर हलतं, दुपारी वळतं, सकाळी उलगडतं. त्यावर बसणारी पट्टी वाकली पाहिजे. पानाला ऊन मिळावं म्हणून पारदर्शक पाहिजे. आणि शेतकऱ्याला परवडावी म्हणून पत्रिकेसारखी छापता आली पाहिजे. पान किती वेळ ओलं राहिलं हे त्या पट्टीनं सांगायचं, म्हणजे रोग येणार की नाही याचा अंदाज बांधता येतो आणि उगाच औषधं मारावी लागत नाहीत.

त्यासाठी तिच्याकडे चांदीची शाई होती. शाईत चांदीचे तंतू, इतके बारीक की एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील. प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर ते ताटात पसरलेल्या शेवयांसारखे एकमेकांवर पडतात. वीज शेवयांमधून जाते, उजेड शेवयांच्या मधून जातो. पण शेवया सारख्या पसरायला हव्यात. मोठ्या कारखान्यांची यंत्रं एवढ्या थोड्या कामासाठी मिळत नव्हती, आणि तिला कॉलेजच्या दिवसांतला, श्वास रोखून पट्टी ओढणारा माणूस आठवला.

मी तिला त्यांच्याकडे घेऊन गेले. तिनं सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि कोरी फिल्म उजेडासमोर धरून होते.

"म्हंजी छापायचं," ते म्हणाले, "पर दिसू द्यायचं न्हाई?"

"हो चाचा."

ते स्टुलावर बसले. "पोरी, जन्म गेला लोकांना हेच सांगण्यात. आन् तू आत्ता आलीस व्हय?"

पहिल्यांदा तिनं एक दुसरी शाई आणली होती, तीही वीज वाहून नेणारी, पण एका प्रकारच्या प्लास्टिकची. ती जरा निळसर होती. यांनी छापली, धरली, म्हणाले, "निळं दिसतंय."

"अगदी थोडंसं, चाचा."

"थोडं दिसतंय म्हंजी दिसतंय."

ती शाई गेली. मग चांदीची आली. सुरुवातीचे कितीतरी तुकडे वाया गेले. एका सकाळी ते दोन गल्ल्या चालत माझ्या दारात येऊन उभे राहिले. "म्याडम, फोडणी दिली का?"

"अहो, मी आता इथं राहते!"

"ते दिसतंय. पर वारा हिकडूनच हाय."

शेवटी दोष धुतलेल्या जाळीवर राहणाऱ्या साबणात सापडला. मग मी त्यांना बॅटरीच्या दुकानात मिळणारं शुद्ध पाणी आणून दिलं आणि जाळी त्यानं धुवायचा नियम केला. विद्यार्थिनीनं त्यांना वीज मोजायचं छोटं मीटर दिलं होतं, लाल आणि काळ्या तारेचं. एक दिवस त्यांनी छापलेल्या पट्टीच्या दोन टोकांना दोन तारा टेकवल्या. पट्टीवर काहीच नव्हतं, म्हणजे तुम्हा-आम्हाला दिसण्यासारखं काही नव्हतं. आणि मीटर वाजलं. त्यांनी तारा उचलल्या, पुन्हा टेकवल्या. पुन्हा वाजलं. त्यांनी आत बायकोला, म्हणजे आमच्या भाभींना, हाक मारली. भाभी हात पुसत आल्या, कोऱ्या पट्टीकडे बघितलं, मीटरचा आवाज ऐकला, आणि मला म्हणाल्या, "एवढी चांदी मला दिली असती तर निदान दिसली तरी असती."

मग ठरलं असं. अठ्ठेचाळीस पट्ट्या छापायच्या आणि राजुरीला त्या विद्यार्थिनीच्या वडिलांच्या बागेत चाळीस दिवस पानांवर ठेवायच्या. टिकल्या तर पुढच्या हंगामाची छपाई जुन्नरला, यांच्या टेबलावर. नाही टिकल्या तर काम दूरच्या कारखान्यात जाणार, आणि टेबलाच्या जागी मोबाइलची कव्हरं. मुलानं बापाला तेवढी मुदत दिली होती. गाळेकऱ्याला थांबायला सांगितलं होतं.

चांदीच्या रेघांवर एक वार्निशासारखा थर द्यायचा होता. वारा-पाण्यापासून संरक्षण म्हणून. तो दिला की पट्टी किंचित दुधाळ व्हायची. किंचित म्हणजे भिंगवाल्या माणसाला टोचेल इतकी. "हा थर पायजेच का?" त्यांनी तीनदा विचारलं. तिनं तीनदा हो म्हटलं.

नोंदवही माझ्याकडे होती. प्रत्येक पट्टीचा क्रमांक, कुठल्या ओळीतल्या कुठल्या पानावर, शाई कधी छापली, थर दिला की नाही. मी रकाने आखले, शीर्षकं लिहिली, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे वही देखणी झाली.

तीन आठवडे सगळं ठीक होतं. मग तिचा फोन आला. अर्ध्या पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. पुण्यातले लोक म्हणत होते, हाताची छपाई, रेघ कुठेतरी तुटली असणार, पुढच्या वेळी यंत्रावरच करू. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते भिंग पुसत होते.

"माझी रेघ तुटली न्हाई."

"मी फक्त निरोप सांगतेय."

"मी बी निरोपच देतोय. रेघ तुटली न्हाई. राजुरीला जायचं."

आम्ही आळेफाट्याला गाडी बदलून राजुरीला गेलो. माझी विद्यार्थिनी पुण्याहून आधीच येऊन थांबली होती. तिचे वडील, जाडजूड, हसरे गृहस्थ, मांडवाखाली खुर्च्या टाकून बसले होते. चहा वगैरे काही घ्यायच्या आत हे ओळींमध्ये शिरले. मान वाकडी करून पानामागून पान बघत गेले, भिंग डोळ्याला. बायका घड विरळ करत होत्या. त्यांतल्या एकीजवळ हे थबकले आणि खाली बघत राहिले. बराच वेळ.

"काय हो बाबा," ती बाई कात्री थांबवून म्हणाली, "पान वरती हाय. पायाकडं काय बघताय?"

बाकीच्या हसल्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं. यांना काहीच झालं नाही.

"बाई, तुमची जोडवी चांदीचीच ना?"

"मग काय पितळंची घालू? नवरा जिता हाय माझा."

"मग काळी का?"

"ती व्हत्यातच. गंधक मारलं का बागेत, की चार दिसांत काळीठिक्कर. घरी जाऊन टूथपेस्ट लावून घासायची, पुन्यांदा काळी. सगळ्यांचीच बघा." तिनं बाकीच्यांचे पाय दाखवले. सगळ्यांचीच होती.

त्यांनी तिला विनंती करून एक जोडवं मागून घेतलं, मुक्या पट्टीशेजारी धरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी बघितलं. जिथे काही दिसायला नको होतं तिथे तपकिरी जाळं दिसत होतं. जोडव्यावर होता तोच रंग. चांदी गंधकानं काळी पडते हे मी शाळकरी वयापासून जाणते. इतक्या बारीक तंतूंना तर काळं पडायला उरतंच किती? गंधकानं ते आतपर्यंत खाऊन टाकले होते. प्रयोगशाळेत कोणी जोडवी घालून काम करत नसावं, नाहीतर हे त्यांना आधीच सुचलं असतं.

माझी विद्यार्थिनी वडिलांकडे वळली. "आण्णा, तुम्ही गंधक मारलं? मला न सांगता?"

"पानांवर भुरीची बुरशी आली व्हती," आण्णा म्हणाले. "भुरी काय तुला फोन करून येती?"

"मी लिहून दिलं होतं, कुठलीही फवारणी आधी कळवा!"

"त्या कागदावर चष्म्याशिवाय वाचता येत न्हाई इतकं बारीक लिवलंय. आन् बाग का मी तुमच्या पट्टीसाठी लावली?"

ती चिडली होती आणि तिला हायसंही वाटलं होतं, दोन्ही चेहऱ्यावर दिसत होतं. ती म्हणाली, "ठीक आहे. मी आजच कळवते. बागायतदारानं न सांगता फवारणी केली, त्यामुळे चाचणी बाद. छपाईचा काही दोष नाही. चाचा, तुमचं काम पक्कं. तुम्हाला पुन्हा संधी देतील."

आण्णा फक्त खुर्चीवर बसले. लेकीच्या हातून आपलं नाव असं कागदावर जाणार, हे त्यांना लागलं होतं.

माझ्या हातात वही होती आणि मी तोवर मीटर घेऊन सगळ्या ओळी फिरून कुठली पट्टी बोलते, कुठली नाही, याच्या खुणा केल्या होत्या. एक ते चोवीस जिवंत. पंचवीस ते अठ्ठेचाळीस मेलेल्या. इतकं नीटनेटकं काही आपोआप घडत नाही. गंधक काही क्रमांक वाचून पडत नाही. मी वर बघितलं तर घरमालक माझ्याकडेच बघत होते. मी वही मिटली. हे मी तुमच्यापासून लपवत नाही, मुलांनो. मी वही मिटली, कारण मला ते टेबल राहायला हवं होतं.

"म्याडम," ते म्हणाले, "वही उघडा."

"राहू द्या."

"उघडा. गंधक सगळ्या ओळींवर पडलं. मग अर्ध्या जित्या कशा?" ते विद्यार्थिनीकडे वळले. "पोरी, बापाचं नाव लिवू नको. चोवीसपतोर मी थर दिला. पंचवीसपासून न्हाई दिला."

"नाही दिला? का?"

"दुधाळ दिसत व्हतं."

 मग मागून आण्णांचा आवाज आला, "म्हंजी मी सुटलो का राव?" आणि बायकांच्यात पुन्हा हसू पसरलं.

मी वही उघडली. 'थर' या माझ्या रकान्यात अठ्ठेचाळीस बरोबरच्या खुणा होत्या. मी त्या छपाई सुरू व्हायच्या आधीच घरी बसून करून ठेवल्या होत्या. थर सगळ्यांना द्यायचाच आहे, मग रोज कशाला लिहीत बसायचं, असा विचार करून. त्यांनी न दिलेला थर मी दिल्याचं लिहिलं होतं, तेही सुवाच्य अक्षरात. मी तेव्हाच, सगळ्यांसमोर, चोवीस खुणा खोडल्या. माझ्या वहीतली ती एकच खाडाखोड.

आता माझ्या विद्यार्थिनीचे डोळे चमकू लागले. ती म्हणाली, "चाचा, पण हे तर फारच चांगलं झालं! एकाच बागेत, एकाच फवारणीत, थर असलेल्या टिकल्या आणि नसलेल्या गेल्या. आम्हाला हा प्रयोग वेगळा करावाच लागला असता. मी तुलना म्हणून लिहिते. तुमचं श्रेय..."

"तसं लिवू नको."

"अहो, पण खरंच..."

"प्रयोग करणारा आधी सांगून करतो. मी लपवून केलं. 'छापणाऱ्यानं सांगितलेलं ऐकलं न्हाई,' असं लिव. पट्टी पानासाठी व्हती, मी माझ्या डोळ्यांसाठी छापली."

तिनं तसं लिहिलं. इंग्रजीत लिहिलं आणि मराठीत त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, जोडवं रुमालानं पुसून त्या बाईला परत दिलं. भिंगाच्या रुमालानं.

परतताना एसटीत ते खिडकीशी बसले होते. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही गप्प बसला असता तर काम तुमचं होतं."

"आन् आण्णांचं नाव?"

"ते वडील आहेत तिचे. ती समजून घेईल."

"ती घेईल," ते म्हणाले. "पर कागद न्हाई समजून घेत म्याडम. कागदावर आलं की आलं. ह्ये मला म्हाईत नसंल तर कुणाला म्हाईत असंल?"

डिंभ्याला जाऊन टिंबाचं शेपूट बदलून आणणारा माणूस आणि मनाला पटलं नाही म्हणून थर न देणारा माणूस, हे वेगवेगळे नव्हते. काळजी आणि हट्ट एकाच हाताची कामं होती. त्या हाताला चूक दिसली की तो ती घेऊन दारोदार जायचा, मग ती चूक केसाएवढी असो की चोवीस पट्ट्यांची. शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत मी मुलांना निरीक्षण लिहायला शिकवलं. नको असलेलं निरीक्षण लिहायला मात्र मी त्यांच्याकडून शिकले.

पुण्याहून महिनाभर काही आलं नाही. मुलगा गाळेकऱ्याशी पुन्हा बोलू लागला. मग एक लिफाफा आला. आत इंग्रजीत छापलेला एक नमुना होता, काम घेणाऱ्यानं भरून द्यायचा. थर दिलेल्या पट्ट्या छापायला ते तयार असल्यास त्यांनी सही करावी, असा मजकूर. ते तो घेऊन माझ्याकडे आले. टेबलाचं भवितव्य त्या एका सहीवर होतं. मी चष्मा लावला आणि वाचत गेले. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, आमच्याकडून पुरवलेल्या मालात कोणताही दोष असणार नाही अशी आम्ही हमी देतो.

"काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"ह्ये खोटं हाय."

"ही नेहमीची भाषा असते. सगळेच सही करतात."

"मग सगळेच खोटं बोलतात. तुमी ते काटा, आन् मी सांगतो ते लिवा."

"असा नमुना बदलता येत नाही. काम हातचं जाईल."

"लिवा तर खरं."

मी लॅपटॉप उघडला. ते उभे राहूनच सांगत होते, हात मागे बांधून, जसे पट्टी ओढायच्या आधी उभे राहायचे. "लिवा, थर परत्येक पट्टीला देऊ. दुधाळ दिसला तरी देऊ. चूक व्हणार न्हाई असं म्हणवत न्हाई. झाली, तर तुमच्या आधी मला दिसंल. आन् मला दिसली की पयला फोन माझा यील."

आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्यं लाल शाईनं दुरुस्त केली. या वाक्यांना मी हात लावला नाही, जशीच्या तशी इंग्रजीत केली. त्यांना परत मराठीत वाचून दाखवली.

"विंग्रजीत बी एवढंच सरळ हाय का?"

"हो."

"मग द्या, सही करतो."

काम त्यांना मिळालं. पुण्याच्या त्या कार्यालयात यावर काय चर्चा झाली ते मला माहीत नाही. माझी विद्यार्थिनी एवढंच म्हणाली की एका साहेबांनी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि मग शिक्का मारला. मुलानं गाळेकऱ्याला नाही म्हणून कळवलं, आणि टेबलावर पुन्हा आठवड्याचे सहा दिवस जाळी बसू लागली.

पुढच्या हंगामात एकदा चूक झालीच. पार्सल पुण्याला पोहोचायच्या आत त्यांचा फोन पोहोचला होता.